गणपतीची पंगत, १२० पानं आणि चौघांना निरनिराळं वावडं: स्वयंपाक आणि वाढप कसं सांभाळायचं? (इंदूर)

पंगत१२० (प्रश्न)

आमच्या सोसायटीत अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी दुपारी महाप्रसादाची पंगत असते. साधारण १२० पानं. स्वयंपाक खाली पार्किंगमध्ये होतो. महाराज आणि त्यांचे दोन मदतनीस बाहेरून येतात, वाढायला सोसायटीतलीच मंडळी. मेनू ठरलेला: वरण-भात, मसालेभात, अळूचं फतफतं, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, पंचामृत, पुरी, श्रीखंड, उकडीचे मोदक, पापड-कुरडई, मठ्ठा.

यंदा चार जणांची माहिती आधीच हातात आहे. सहा वर्षांच्या मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, तीही तीव्र. नऊ वर्षांच्या मुलाला काजू चालत नाही. दोन वर्षांच्या बाळाला दुधाची ॲलर्जी. आणि एका आजींना सिलिअॅक (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होणारा आजार) असल्यामुळे गहू अजिबात नाही. आतापर्यंत ही घरं पंगतीला यायचंच टाळत होती. यंदा त्यांना पानावर बसवायचं आहे, आणि तेही पालकांचा जीव टांगणीला न लावता.

नेमकं हवं आहे ते असं: कोणते पदार्थ बदलावेत, भांडी किती वेगळी ठेवावीत, वाढताना कुठे घोटाळा होतो आणि तरीही काही झालंच तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं.

भटारखाना

सगळ्यात आधी एक निर्णय घेऊन टाका: शेंगदाणा आणि काजू त्या दिवशी स्वयंपाकात आणूच नका. वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या कोपऱ्यात वगैरे नको, मुळात किराणाच्या यादीतूनच काढा. आपल्या स्वयंपाकात दाण्याचं कूट मिठासारखं वापरतात. तुमच्या मेनूत ते कोशिंबिरीत आहे, पंचामृतात आहे, फतफत्यात अख्खे दाणे आहेत. कूट कोरडं असतं, हाताला चिकटतं, मिक्सरच्या भांड्याच्या पात्याखाली आणि झाकणाच्या रबरात बसतं. दाणे भाजल्याने त्यातलं प्रथिन निकामी होत नाही, उलट भाजलेला दाणा कच्च्यापेक्षा जास्त त्रासदायक ठरू शकतो. त्यामुळे "नीट शिजलंय, आता काही होत नाही" हे मनातून काढून टाका.

पर्याय अवघड नाहीत. कोशिंबिरीत कुटाऐवजी ओलं खोबरं घाला. १२० पानांना ८ किलो काकडी धरली तर चार नारळ पुरतात. फतफत्यात दाण्याऐवजी चण्याची डाळ थोडी जास्त भिजवा, वर खोबऱ्याचे काप. मसालेभातातून काजू गेला तर तोंडली आणि मटार वाढवा. श्रीखंडात पिस्ता आणि चारोळी नको, फक्त वेलदोडा-केशर. काजू ज्यांना चालत नाही त्यांना पिस्ताही बहुधा चालत नाही, दोन्हींची प्रथिनं एकमेकांसारखी असतात. चारोळीही त्याच कुळातली, म्हणून तीही बाहेर. खोबरं बहुतेकांना चालतं, तरी दोन्ही मुलांच्या पालकांना विचारून घ्या. मोदकाच्या सारणात काजूचे तुकडे टाकायची सवय असते, तेही थांबवा.

पंचामृत या वर्षी सोडून द्या असं मी म्हणेन. तीळ, दाणे, खोबरं या तिन्हींवर ते उभं असतं, दाणे काढले की चव राहत नाही. त्याऐवजी चिंच-गुळाची मेथ्या घातलेली चटणी करा.

तेल सूर्यफुलाचं किंवा सोयाबीनचं घ्या, शेंगदाण्याचं नको. रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रथिन जवळपास राहत नाही, पण घाण्याच्या तेलात राहतं, आणि पार्किंगमध्ये डबा उघडून ओतला की कोणतं तेल होतं ते कुणाला सांगता येत नाही. सीलबंद डबे आणा आणि रिकामे डबे पंगत उठेपर्यंत टाकू नका.

महाराजांशी बोलताना हिंदीत आणि वस्तूचं नाव घेऊन बोला. "एलर्जी है" म्हटलं तर ते "कम डालूँगा" असं ऐकतात. "मूंगफली, सींगदाना, काजू, पिस्ता, मगज, ग्रेवी का तैयार मसाला, इनमें से कुछ भी गाड़ी से उतरेगा ही नहीं" असं स्पष्ट सांगा. तयार ग्रेवीच्या पुड्यांत बहुधा काजू किंवा मगज (टरबूज-खरबुजाच्या बिया) असतो, आणि स्वस्त पुडीत काजूच्या जागी दाणे दळलेले असू शकतात. महाराजांची स्वतःची मसाल्याची पेटी येते तीही नको. मसाले तुमचे द्या. गोडा मसाला घरचा असेल तर त्यात तीळ, सुकं खोबरं, कधी खसखस असते. या चौघांत तिळाचं कुणाला नाही, पण बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी हे कागदावर लिहून ठेवा.

आता दूध आणि गहू. हे दोन्ही पूर्ण काढता येणार नाहीत, पुरी-श्रीखंडाशिवाय पंगत कोण मानेल? म्हणून त्या दोघांचा स्वयंपाक आधी आणि दुसरीकडे. पार्किंगमध्ये नाही, वर कुणाच्या तरी घरच्या ओट्यावर, सकाळी लवकर, पुरीची कणीक मळायला घेण्याआधी. परातीत पीठ ओतलं की ते हवेत उडतं आणि शेजारच्या उघड्या पातेल्यात बसतं. आजींसाठी एवढंही बाधतं.

हाच छोटा स्वयंपाक चौघांनाही चालेल असा करता येतो: ५०० ग्रॅम तांदळाचा भात, २०० ग्रॅम तुरीचं साधं वरण, किलोभर बटाट्याची सुकी भाजी, १५ मोदक. चौघं आणि सोबत बसणारा एकेक जण, एवढ्यांना पुरतं. पण त्यात तीन फसवे सापळे आहेत.

पहिला हिंग. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं, काहींत तांदळाचं. डबीवरचे घटक वाचा, नाहीतर फोडणी हिंगाशिवाय करा. दुसरा तांदळाची पिठी. गिरणीत दळून आणलेली आजींना चालणार नाही, कारण त्याच जात्यातून आधी गहू गेलेला असतो. "ग्लूटेन-मुक्त" असं छापलेलं पाकीट घ्या. तसं छापायला ग्लूटेन किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं. तिसरं तूप. उकड काढताना पाण्यात चमचाभर तूप जातं, हात तुपाचा लावून पारी करतात. तूप म्हणजे निव्वळ स्निग्धांश असं समजतात, पण दुधाच्या प्रथिनाचा अंश त्यात उरतो. बाळासाठी उकडीत आणि हाताला सूर्यफुलाचं तेल.

लाकडी पळी, पोळपाट-लाटणं, जुनी लोखंडी कढई या स्वयंपाकात वापरू नका. लाकडाच्या भेगांत आणि लोखंडाच्या चढलेल्या थरात आधीचं अन्न राहतं. स्टीलची भांडी, साबण आणि गरम पाण्याने घासलेली, वेगळ्या घासणीने. झाल्यावर झाकणावर लाल चिकटपट्टी लावा, तिच्यावर तिघा-चौघांना वाचता येईल असं मोठ्या अक्षरात "फक्त चार पानांसाठी" लिहा आणि डबे वरच्याच घरात राहू द्या.

तळण राहिलं. पापड आणि कुरडई एकाच कढईत तळतात, आणि कुरडई गव्हाच्या चिकाची. त्यामुळे त्या कढईतला पापड आजींना चालत नाही. उकळत्या तेलाने काही "शुद्ध" होत नाही, कण तेलातच राहतात. आजींचा पापड घरी विस्तवावर भाजा.

औषधपेटी

जेवणाचं वर आलंच आहे, मी पहिल्या पाच मिनिटांचं लिहिते.

आधी ओळख. आपल्याकडे अंगावर गांधी उठल्या की "पित्त उठलं" म्हणतात, आमसुलाचं पाणी चोळतात आणि मुलाला झोपवतात. घसा आवळतो तेव्हा "ठसका लागला" म्हणून पाठीवर थापट्या मारतात. पंगतीत हे दोन गैरसमज वेळ खातात. खाल्ल्यापासून काही मिनिटं ते दोन तासांच्या आत पुढचं काही दिसलं तर आधी ॲलर्जीच समजा: मूल ओठ चावतंय, जीभ बाहेर काढून खाजवतंय, "घशात काहीतरी अडकलंय" म्हणतंय, आवाज घोगरा झालाय, कोरडा खोकला थांबत नाही, श्वासाला शिटी येते, एकदम ओकारी, किंवा बडबडं मूल अचानक गप्प आणि लुळं पडतं. दोन वर्षांचं बाळ बोलून दाखवणार नाही. ते कान-मान ओरबाडेल, विचित्र रडेल, मग मलूल होईल.

नुसत्या गांधी आणि मूल खेळतंय, तर डॉक्टरांनी आधी सांगितलेलं ॲलर्जीचं औषध द्या आणि नजर हटवू नका. श्वास, आवाज, शुद्ध यांपैकी एकालाही धक्का असेल, किंवा गांधींबरोबर वारंवार उलट्या असतील, तर उपचार एकच: ॲड्रेनलीनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर, स्नायूत. सेटिरिझिन (ॲलर्जीची गोळी) द्यायला हरकत नाही, पण त्याने श्वासनलिका उघडत नाही की रक्तदाब सावरत नाही. "आधी गोळी देऊन बघू, मग इंजेक्शन" या क्रमाने जीव जातात. दम्याचा पंपही याला पर्याय नाही. दमा असलेल्या मुलाला तर धोका जास्त, त्याच्या बाबतीत आणखी लवकर निर्णय घ्या.

मात्रा वजनाच्या दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम. १ मिलिलीटरमध्ये १ मिलिग्रॅम असलेल्या ॲम्प्यूलमधून (औषधाची बंद काचेची कुपी) २० किलोच्या मुलाला ०.२ मिलिलीटर. मुलांत कमाल ०.३, मोठ्यांत ०.५ मिलिलीटर. आराम पडला नाही तर ५ ते १५ मिनिटांनी पुन्हा. परदेशात मिळतं तसं पेनासारखं तयार इंजेक्शन आपल्याकडे औषधाच्या दुकानात सहज मिळत नाही, म्हणून बरेच डॉक्टर ॲम्प्यूल, १ मिलिलीटरची सिरिंज आणि लेखी कृती देतात. त्या मुलीच्या आईवडिलांना आत्ताच विचारा: डॉक्टरांचा लेखी कागद आहे का, ॲम्प्यूलची मुदत कधी संपते, त्यातलं औषध पाण्यासारखं स्वच्छ आहे ना. तांबूस दिसलं तर बदला. इन्शुलिनची सिरिंज वापरू नका, तिची सुई स्नायूपर्यंत पोचत नाही आणि तिच्यावरच्या खुणा युनिटच्या असतात. ॲम्प्यूल उजेडापासून लांब ठेवा, फ्रिजची गरज नाही. पंगतीच्या दिवशी ही पिशवी चौथ्या मजल्यावर कपाटात नको, आईच्या खांद्याला हवी. आणि सोसायटीत कुणी डॉक्टर किंवा नर्स असेल तर त्यांना पंगत संपेपर्यंत हॉल सोडू नका म्हणावं.

इंजेक्शन देणारा देत असताना दुसऱ्याने १०८ लावायचा. मूल आडवं, पाय उंच. धाप लागली असेल तर पाय पसरून बसू द्या. उलटी होत असेल तर कुशीवर. त्याला उभं करू नका, "चल, गाडीत बस" म्हणून चालवू तर मुळीच नका. उभं केल्यावर रक्तदाब कोसळून मृत्यू ओढवल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. घशात बोट घालून उलटी काढू नका, पाणी-लिंबू काही पाजू नका. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते.

जवळचं चोवीस तास चालणारं आपत्कालीन केंद्र आधीच ठरवा, एमवाय रुग्णालयापर्यंत जायचं की वाटेत दुसरं आहे ते. तुमची पंगत आदल्या दिवशी आहे हे बरं. अनंत चतुर्दशीला झांक्यांच्या (चित्ररथांच्या मिरवणुकीच्या) रात्री राजवाड्याच्या आसपास रुग्णवाहिका गर्दीतून निघणं कठीण.

पंगत१२०

दोघांचेही मनापासून आभार, यादी बदलायला घेतली आहे. आणखी दोन गोष्टी. कमिटीत एक ज्येष्ठ काका म्हणतात की थोडं थोडं देऊन सवय लावली की दाण्याचं वावडं जातं, हल्लीच्या पेपरातही आलंय. आणि दुसरं, आरतीनंतर तीर्थ-प्रसाद हातावर देतात, तो नाकारायला आया संकोचतात.

औषधपेटी

काकांनी वाचलं असेल ते खरं आहे, पण ते या मुलीचं नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या ब्रिटिश अभ्यासात ४ ते ११ महिन्यांच्या बाळांना, ज्यांना तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी होती, नियमित शेंगदाणा दिल्यावर पुढे दाण्याची ॲलर्जी होण्याचं प्रमाण बरंच घटलं. म्हणजे ॲलर्जी होण्याआधीची गोष्ट. ॲलर्जी झालेल्या मुलाला हळूहळू मात्रा वाढवण्याचा उपचार आहे, पण तो तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, इंजेक्शन हाताशी ठेवून. पंगतीत चाखवण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. काकांना हे शांतपणे समजावा, कारण प्रेमापोटी भरवणारा हातच अशा वेळी सगळ्यात जास्त धोक्याचा असतो.

वाढपी

तीर्थ-प्रसादाचं मी सांगतो. तीर्थाच्या पंचामृतात दूध, दही, तूप. पळीभर तीर्थ बाळाच्या ओठाला लागलं तरी पुरे. गुरुजींना आधी सांगून ठेवा, ते दुसऱ्या तांब्यात नुसतं तुळशीचं पाणी ठेवतील, तेही तीर्थच. प्रसादाला पेढे आणि खिरापतीऐवजी केळं आणि खडीसाखर सगळ्यांनाच द्या. सगळ्यांना एकच प्रसाद दिला की कुणाला नाकारावं लागत नाही, आईला कुणाची समजूत काढावी लागत नाही. एवढं केलंत तर निम्मं काम झालं.

पंगतीत चूक कुठे होते ते सांगतो. पहिल्या वाढपात नाही, दुसऱ्या वाढपात. पहिल्यांदा सगळे सावध असतात. मग आग्रह सुरू होतो, वाढपी बदलतात, मसालेभाताचं ओगराळं वरणाच्या बादलीत जातं आणि कुणीतरी "घे गं बाळा, अजून एक" म्हणत पुढे सरकतं. म्हणून ही चार पानं एका ओळीच्या टोकाला, भिंतीकडे मांडा. मधे बसवलं तर मठ्ठ्याची बादली त्यांच्या पानावरून पलीकडे जाते आणि थेंब पडतात. चौघांच्या शेजारी त्यांचंच घरचं माणूस.

या चार पानांना एकच वाढपी, नाव घेऊन नेमलेला, दुसरं काही न वाढणारा. त्याने आधी साबणाने हात धुवायचे. नुसत्या पाण्याने किंवा सॅनिटायझरने दाण्याचं प्रथिन जात नाही, साबण लागतोच. वरच्या घरातून डबे आणून बाकी पंगत वाढायला घेण्याआधी ही पानं वाढून टाकायची. डबे त्याच्या हातात किंवा झाकून, जमिनीवर बादल्यांच्या रांगेत नाही. पुन्हा हवं असेल तर त्याच डब्यातून, त्याच डावाने. पान केळीचं असो की पत्रावळ, खाली रंगीत कागद ठेवा. मुलाच्या मनगटाला पट्टी बांधू नका, ते दिवसभर "ॲलर्जीवालं" होऊन बसतं. रंगीत कागद फक्त वाढप्याला कळतो.

आणि एक माणूस सगळे विसरतात: तुपाचं भांडं घेऊन फिरणारा. अन्नशुद्धीचं तूप भातावर पडल्याशिवाय पान पुरं झालं असं त्याला वाटत नाही, तो न विचारता वाढतो. बाळाच्या पानाशी तेवढं घडलं की सकाळपासूनची सगळी मेहनत वाया. त्याला स्वतंत्र सांगा, पान दाखवून सांगा.

भटारखाना यांच्या म्हणण्याला एक जोड देतो. दाणा-काजू काढावेच, पण फलकावर "येथील जेवण दाणामुक्त आहे" असं लिहू नका. १२० माणसांतून कोण काय घेऊन येईल सांगता येत नाही. पदार्थाखाली त्यात काय घातलंय तेवढंच लिहा: "मसालेभात: तांदूळ, तोंडली, मटार, गोडा मसाला (तीळ, खोबरं), हिंग (गहू), तूप". वाचून ज्याचं त्याला ठरवता येतं.

भटारखाना

फलकाचं पटलं, तुमचंच बरोबर. मी स्वयंपाकघरापुरता विचार करत होतो.

पाकीटवाचक

विकतच्या वस्तूंबद्दल थोडं. पाकीटबंद मालावर ॲलर्जीची सूचना छापणं २०२० च्या लेबलच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. त्या यादीत ग्लूटेनची धान्यं, दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकडा वर्गातले जीव, शेंगदाणा, झाडावरचा सुकामेवा, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापुढचे सल्फाइट येतात. तीळ आणि मोहरी त्या यादीत नाहीत. त्यांच्यासाठी घटकांची पूर्ण यादीच वाचावी लागते, आणि तिथे नुसतं "मसाले" लिहिलं असेल तर कंपनीला विचारल्याशिवाय कळत नाही.

सुट्या मालावर काहीच छापलेलं नसतं. आपल्या शहरात हीच खरी अडचण. शेव, फरसाण, मिक्स्चर सगळं किलोने सुटं घेतो. दुकानात एकाच झाऱ्याने दाण्याचं मिक्स्चर काढून मग साधी शेव काढतात, कढईही एकच. म्हणून साध्या शेवेलाही या मुलीच्या घरी "चालेल" म्हणू नका. हिरवे "पिस्त्याचे काप" म्हणून रंगवलेले दाणे विकले जातात, तेही लक्षात ठेवा. जीरावनात (पोह्यांवर भुरभुरतात तो इंदुरी मसाला) हिंग असतो, म्हणजे आजींच्या बटाट्याच्या भाजीवर ते भुरभुरू नका. आणि उकाड्याचं कुणी पाहुण्यांसाठी शिकंजी मागवली तर सांगून ठेवतो, इंदूरची शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत नव्हे. ती आटवलेल्या दुधाची आणि सुक्यामेव्याची. बाहेरगावचा माणूस नाव ऐकून लिंबूपाणी समजतो आणि मुलाच्या हातात ग्लास देतो.

पंगत१२०

ठरलं ते असं: दाणे, काजू, पिस्ता, चारोळी यादीतून बाद. पंचामृताऐवजी चिंच-गुळाची चटणी. चार पानांचा स्वयंपाक दुसऱ्या मजल्यावर, सकाळी सहाला. एकच वाढपी. तुपाच्या भांड्याला वेगळी सूचना. प्रसादाला केळं-खडीसाखर. मुलीच्या आईकडे डॉक्टरांचा कागद आहे, ॲम्प्यूलची मुदत मात्र संपत आली होती, ती आज बदलून आणतील. काही राहिलं का?

वाढपी

सकाळचे पोहे. कार्यकर्ते सात वाजता जमतात, पोह्यांवर दाणे आणि मूठभर मिक्स्चर, आणि तेच हात तासाभराने काकडी चोचवायला बसतात. कार्यकर्त्यांचे पोहेही बिनदाण्याचे सांगा, वर मिक्स्चर नको. आणि नळाजवळ साबणाच्या दोन वड्या ठेवा, एक महाराजांच्या माणसांसाठी, एक आपल्यांसाठी.